पंचाहत्तर इंची मामा

मामा: यो काढ. यवरा रुंद पायजे, का दोन्ही हात फाकवलं तरी दोन्ही कोपरं एका टायमाला धरता आली नाय पायजेत.

अंकुर: हा पंचाहत्तर इंच, साहेब. हॉलला लावला की घरात थेटर झालं म्हणून समजा. गोडाऊनमधून बॉक्स मागवू का?

रुतिका: नको, थांब जरा. मामा, आपण हा घ्यायला आलोच नाही. करंजाड्यापासून वाशीपर्यंत गाडीत मी तुला हेच सांगत होते.

मामा: मी गारी चालवत होतू. एका टायमाला एकच काम.

रुतिका: ते बघ, त्या कोपऱ्यात दोन आहेत. एक बेचाळीस इंच, एक अठ्ठेचाळीस. त्यातला एक घ्यायचाय.

मामा: ते? ते टीव्ही हायत? मना वाटला, दुकानान कोन येतो-जातो ते बगायचं क्यामेऱ्याचं हायत.

अंकुर: गेमिंगचे आहेत साहेब ते. आकार लहान, पण माल एकदम वरचा.

मामा: काय नाव तुजा? अंकुर. अंकुर, तू गाव कनचा?

अंकुर: बार्शीचा मी.

मामा: मंग तुला म्हायती नसल, म्हनून सांगतंव. ही माजी भाची रुतिका. माज्या बहिनीची, सत्यभामाची, एकच पोर. रविवारी हिची हलद, सोमवारी लगीन. आमच्या आगरी लोकांन मामाचा आहेर हलदीच्या दिवशी गावातना वाजवत नेतान. पुरं बेंजोचा बँड, बेंजोच्या मागं आहेर, आहेराच्या मागं मी. आता यो बेचालीस घेऊन मी मांडवान गेलू, तर लोकांना वाटल मामा मिठाईचा खोका घेऊन आला.

रुतिका: वाटू दे की.

मामा: तुला काय जातं बोलाया. तुजा तोंड हलदीन पिवला असल, कोनाला काय दिसाचा नाय. माजा तोंड सगली बगनार हायत.

अंकुर: मॅडम, गेमिंग करणार कोण? नवरदेव का?

रुतिका: मी करणार. नवरदेवपण करतो, पण तो हरतो.

मामा: तेजस नाव हाय. द्रोणागिरीला राहतान ते लोक. गुनी पोर. हरला तरी हसतो.

रुतिका: आमची ओळखच गेममध्ये झाली, ऑनलाइन. वर्षभर रोज हरायचा आणि परत यायचा. मला वाटलं, एवढा चिवट माणूस लग्नाला बरा.

अंकुर: मग तुम्हाला मी काय सांगणार? तरी सांगतो, नाहीतर आमचे साहेब मागून बघतायत. दोन्ही ओएलईडी. ह्यात काळा म्हणजे नुसता काळपट नव्हं, तिथला दिवाच बंद होतो. अंधारात लपलेला माणूस असा सुटा दिसतो बघा. गेम मोड दोन्हीत आहे. अठ्ठेचाळीसचा उजेड जरा जास्त, बेचाळीस टेबलावर सुटसुटीत बसतो. बाकी दोघं भाऊ-भाऊ.

मामा: आनि किंमत?

अंकुर: ही अठ्ठेचाळीसची. ही बेचाळीसची. आणि तुमचा पंचाहत्तर हा इथं.

मामा: चिठ्ठ्या बदलल्यात वाटतं.

अंकुर: नाही साहेब, बरोबर आहेत.

मामा: बारका म्हाग आनि मोठा सवस्त? रुते, हा कनचा न्याय?

रुतिका: तू मासळीबाजारात जातोस तेव्हा सगळ्यात मोठा मासा आणतोस की चांगला आणतोस?

मामा: मी मोठा आनि चांगला आनतंव. तुजी मामी दुसरा काय घरान घेत नाय.

रुतिका: बरं, ते सोड. मला एक सांग. परवा फोनवर तू म्हणालास, तुला पायजे तो घे, मामा हाय. आता दोन दिवसांत काय झालं?

मामा: काय नाय झाला.

रुतिका: मामा.

मामा: फ्लेक्स झाला.

रुतिका: कसला फ्लेक्स?

मामा: आपला मारोती हाय ना, फ्लेक्सवाला. तो बोलला, पंढरीशेट, हलदीचा फ्लेक्स आता दिला तर बारा फुटांच्या भावान पंधरा फूट देतंव. मंग दिला. काल सांजच्याला कमानीला लावला पन.

रुतिका: फोटो आहे? दाखव. दाखव ना. अरे देवा. अंकुर, बघ हे. तूच वाच, मला हसू आवरत नाहीये.

अंकुर: "भाची चि. सौ. कां. रुतिका हिच्या हळदीनिमित्त मामा श्री. पंढरीशेठ यांजकडून ७५ इंची भव्य टीव्ही." भव्य लाल अक्षरात आहे.

रुतिका: टीव्ही घ्यायच्या आधी फ्लेक्स? आणि पंचाहत्तर कुठून आला? तुला कोणी सांगितलं पंचाहत्तर?

मामा: मारोतीनी इचारला, किती इंची? मी बोललू, मोठ्यातला मोठा कनचा असतो? तो बोलला, पंचाहत्तर लिवतंव, सोबून दिसतो.

रुतिका: आणि हा चित्रातल्या टीव्हीच्या आत कोण आहे? हा तूच आहेस ना, गॉगल लावून?

मामा: रिकामा टीव्ही बरा दिसत नवता.

रुतिका: माझा फोटो कुठाय?

मामा: हाय ना. खाली, उजव्या कोपऱ्यान. फोन नंबरच्या बाजूला.

रुतिका: हा? हा माझा दहावीचा आयडीचा फोटो आहे मामा. दोन वेण्या आहेत.

मामा: गोड दिसतेस.

अंकुर: साहेब, मी मधला रस्ता सांगू? पंचाहत्तर न्या आणि त्याच्यावरच गेम जोडा. चालतोय की.

मामा: हा, शाना हायस. रुते, ऐकलास? मोठा पन झाला, खेलता पन आला.

रुतिका: नाही चालत. हा साधा पॅनल आहे, तो उशिरा ऐकतो. मी बटण दाबलं की पडद्यावर ते थोड्या वेळाने होतं. तेवढ्यात समोरचा मला मारून चहा पिऊन येतो.

मामा: किती उशिरा?

रुतिका: सेकंदाचा दहावा भाग असेल.

मामा: दहावा भाग? त्या दहाव्या भागासाठी तू मामाला मांडवान खाली बगाया लावनार? दहावा भाग कोनाला कलतो? डोला मिटाया पन यापरी जास्त टायम लागतो.

अंकुर: खरंय साहेब, सगळ्यांना नाही कळत. खेळून बघा ना एकदा. गाड्यांची शर्यत लावतो, सोपी आहे. हा धरा कंट्रोलर. ह्या डाव्या दांडीनं गाडी वळते.

(तिघे पंचाहत्तर इंची टीव्हीसमोर उभे. कंट्रोलर मामांच्या हातात.)

मामा: ही दांडी? अरे, ही तर माजी रोजची दांडी हाय.

अंकुर: म्हणजे तुम्हीपण खेळता?

रुतिका: मामा न्हावा शेवाला क्रेन चालवतो. जहाजावरचे कंटेनर उतरवतो. बावीस वर्षं झाली.

मामा: आदी वर केबिनीत बसून, पायाखाली काच. आता दोन वरसं झाली, आमाला हापिसान बसवला. समोर चार स्क्रीन, हातान दांडी, आनि क्रेन तिकरं लांब. चल, लाव गारी. कुटं वलवू?

अंकुर: रस्ता वळेल तशी. हां, डावीकडं. साहेब, डावीकडं.

मामा: वलवली ना मी.

अंकुर: भिंतीला लागली. परत करू.

मामा: मी टायमावर वलवली. ती नाय वलली. थांब. परत. आता बग माज्या हाताकं. मी वलवली. आता बग, आता ती वलली. मदी काय करत होती?

रुतिका: मामा, तुला कळलं?

मामा: काय कलला? यो टीव्ही माजा ऐकत नाय. नवीन लागलेला पोर असतो ना, हाक मारली का पयला इकरं-तिकरं बगतो, मंग ओ देतो. तसा हाय.

रुतिका: मामा, यालाच लॅग म्हणतात. लोकांना महिनाभर खेळून कळत नाही. तेजसला अजून कळत नाही.

मामा: बाय, माज्या दांडीच्या खाली तीस टन लटकतो. दांडी आनि दोरीच्या मदी यवरा अंतर परला तर माल डुलाया लागतो. खाली मानसं असतान. आमी तर असा झाला का काम बंद करतंव आनि इंजिनियरला बोलवतंव.

अंकुर: साहेब, थांबा, टीव्हीवर अन्याय नको. सिनेमा मोड लावलेला होता. गेम मोड टाकतो. आता बघा.

मामा: हा. आता जरा सुदरला. झोपेतना उटला, पन अजून तोंड धुतला नाय.

अंकुर: बरोबर पकडलंत. त्याची तेवढीच धाव. आता इकडं या, हा बेचाळीस. तीच गाडी, तोच रस्ता.

मामा: यवराशा टीव्हीच्या पुरं मी बसू? लोक हसतील. हा, लाव. अरे. अरे, अरे. रुते, ही बग. मी मनान आनली का ही वलते. हात हालायच्या आदी वलते. आय शप्पत.

रुतिका: मामा, जरा हळू बोल, लोक बघतायत.

मामा: बगू दे. बग, कशी कापली त्या निल्या गारीला. आनि यो काला बग रे, बोगद्यान गेलू तर खरोखरचा काला. रातपालीला वरना समुद्र दिसतो ना, तसा. अंकुर, दुसरी दांडी हाय का? हिला दे. चल रुते, लाव शर्यत.

रुतिका: हरशील.

मामा: हरला तरी मामाच रायीन ना.

अंकुर: तीन, दोन, एक. साहेब, ब्रेक उजव्या बोटाला. मॅडम पुढं. साहेब मागं. साहेब लई मागं. साहेब आले, आले, आले. वळणावर आत घुसले. मॅडम, अहो धक्का काय मारताय सख्ख्या मामाला?

रुतिका: गेममध्ये नाती नसतात.

मामा: आता बग. ही मी आनली, लायनीवर टेकवली, कंटेनर टेकवतंव तशी. हलू. हलू. आनि सोरली.

अंकुर: जिंकले. साहेब जिंकले. मॅडम, पहिल्या दिवशी?

रुतिका: मी हसत होते म्हणून. परत.

मामा: परत कशाला? तेजसला फोन लाव. सांग, मामा पन तुजी वाट बगतंय.

रुतिका: मामा, मागे बघ. दहा माणसं उभी आहेत आपल्या मागे. ते आजोबा त्यांचा नंबर कधी येणार विचारतायत.

मामा: आजोबा, याच्यावर खेला. त्या मोठ्यावर नका खेलू, तो उशिरा ऐकतो.

अंकुर: साहेब, तुम्ही इथं नोकरी करता का? खरं सांगू? दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं मी ह्याच्यावरच खेळतो. सहा महिने झाले. आजवर कुणी गिऱ्हाइकानं नुसत्या हातानं फरक ओळखला नव्हता.

रुतिका: झालं मग. बेचाळीस की अठ्ठेचाळीस, एवढंच ठरवायचं राहिलं.

मामा: नाय. थांब.

रुतिका: आता काय?

मामा: हाताला कलला ना माज्या. पटला. पन हलदीला येतान ते काय हातान बगनार नायत. डोल्यांनी बगनार. त्यांना दिसनार खोका. यो खोका माजा एक पुतन्या काखेन घालून नेल. चार पोरांनी उचलाया पायजे. मी चौघांना सांगून ठेवलाय, एकसारखं कुरतं शिवलं त्यांना.

रुतिका: कुर्तेपण शिवले?

मामा: गुलाबी.

रुतिका: मामा, खरं सांग. तुला एवढं कोणाला दाखवायचंय? गाव तुला ओळखतं. तू कसा आहेस ते सगळ्यांना माहितीये.

मामा: तुज्या गोजरा आत्याला.

रुतिका: आत्याला? तिचा काय संबंध?

मामा: तुज्या आयचा लगीन झाला तवा मी अठरा वरसांचा. बापूस गेलेला, कामधंदा नाय. मामा गावला नवता, तर भावानीच आहेर न्यायचा ठरला. मी काय नेला म्हायतेय? भिंतीवरचा घड्याल. काखेन घालून नेला, वरती रंगीत कागद. तुजी आत्या मांडवान उबी. तिनी कागद फारला, बगितला, आनि सगल्या बायांपुरं बोलली, आहेर मागना येतोय का यवराच?

रुतिका: मग?

मामा: सगल्या हसल्या. तुजी आय पन हसली. मना बरा वाटावा म्हनून हसली ती, मना कलला ना. ता जास्त लागला. अठ्ठावीस वरसं झाली बाय, अजून लागतो. तवाच मनान ठरवला, सत्यभामाच्या पोरीच्या हलदीला असा आहेर नेन, का गोजरा आत्या खुर्चीतना उटून बगल.

रुतिका: आत्याला मोतीबिंदू झालाय मामा. तिला पंचाहत्तरपण नीट दिसणार नाही.

मामा: ऑपरेशन झाला तिचा. गेल्या महिन्यान. मी चौकशी केली.

रुतिका: तू चौकशी केलीस?

मामा: मंग? यवरा खर्च करायचा आनि तिला दिसाचा नाय?

अंकुर: मी जरा पलीकडं थांबू का?

मामा: थांब इथंच. तू आता घरचाच झालास.

रुतिका: मामा, आता मी बोलते. मध्ये बोलू नकोस. तू द्रोणागिरीचा त्यांचा फ्लॅट बघितलास ना?

मामा: बगितला. हवेशीर हाय. बाल्कनीतना पोर्टाच्या क्रेनी दिसतान.

रुतिका: मध्ये बोलू नको म्हटलं ना. छान आहे फ्लॅट. माणसंपण छान आहेत, काही तक्रार नाही माझी. पण हॉल एक आणि बेडरूम एक. हा पंचाहत्तर कुठे लागणार? हॉलमध्ये. हॉलमध्ये माझे सासरे कबड्डी बघतात. कबड्डी नसली की बातम्या. मध्ये सासूबाईंची मालिका. मी काय नवी सून म्हणून जाऊन सांगू, की बाबा, जरा उठता का, मला चार माणसं मारायचीयत?

मामा: तेजस सांगल ना.

रुतिका: तेजस स्वतः त्यांच्या मागे स्टुलावर बसून मोबाइलवर खेळतो. सत्तावीस वर्षांचा आहे आणि अजून रिमोट मागायची हिंमत नाही त्याची.

मामा: तुजा सासरा सिताराम, मानूस तसा शांत हाय.

रुतिका: शांतच आहेत. म्हणूनच कोण काय बोलणार? ऐक ना. मला त्या घरात एक टेबल मिळालंय. बेडरूमच्या खिडकीखाली, साडेतीन फुटांचं. तेजसने त्याची पुस्तकं काढून रिकामं करून दिलं. बाकी सगळं घर त्यांचं आहे, आधीपासून लागलेलं. कुठली वाटी कुठे, कोण कुठे बसतं, सगळं. ते शिकीन मी. पण मामा, मला भीती वाटते. मी कोणाला बोलले नाही, आईलापण नाही. मला एक तरी गोष्ट अशी पाहिजे, की दार लोटलं, तिच्यासमोर बसले, की मी माहेरी होते तशीच असेन. तू मोठा दिलास तर तो त्या घराला दिलास. मला नाही दिलास.

मामा: आदी का नाय बोललीस?

रुतिका: तू एवढ्या हौसेने गाडी धुऊन आलास. कसं बोलणार?

अंकुर: पाणी आणतो मी.

मामा: आन. तीन गलास आन. तू पन पी.

रुतिका: रागावलास?

मामा: नाय गं. मी हिशोब लावतंव. फ्लेक्सवर मी काय लिवला? मामाकडून भाचीला. का सिताराम शेटला?

रुतिका: भाचीला.

मामा: मंग झाला. सितारामला टीव्ही पायजे तर त्याचा मामा देल. अंकुर, तो मोठा ठेव तिकरं. कोनाला तरी लागल. रुते, आता सांग, या दोघांतला कनचा?

रुतिका: तेजसचा मेसेज आलाय. तो म्हणतो अठ्ठेचाळीस. सात वेळा म्हणालाय. प्रत्येक मेसेजमध्ये बदाम पाठवलाय.

मामा: तो हरतो ना? हरनाऱ्याला मोठाच पायजे असतो. टेबल किती बोललीस?

रुतिका: साडेतीन फूट.

अंकुर: अठ्ठेचाळीस रुंदीला बरोब्बर साडेतीन भरतो, साहेब. काठाला काठ. बेचाळीस तीन फुटांच्या आसपास. त्याच्या बाजूला वीतभर जागा उरते.

मामा: आनि ही बसनार कुटं?

रुतिका: टेबलासमोरच, खुर्चीवर. मागे लगेच पलंग आहे.

मामा: बस इथं. खुर्ची आन रे. बस. आता अठ्ठेचाळीसच्या पुरं तेवरीच बस. डावा कोपरा बग. आता उजवा. मान हालली. परत कर. बग, हालली. आमाला पयल्या दिवशी शिकवतान, मान हालली का हात हालतो. आता बेचालीसच्या पुरं बस. डावा. उजवा. नुसतं डोलं हाललं. यो घे.

रुतिका: आणि तेजस?

मामा: त्याला सांग, मामांनी तपासला. आनि वीतभर जागा राहते ना, तिथं तुजा च्याचा कप राहील. सासरी दुसऱ्याच्या टेबलावर कप ठेवायची पाली नको तुज्यावर.

रुतिका: मामा, मला रडू येतंय.

मामा: इथं नको रडू, अंकुरचं साहेब बगतायत. थांब, मना मारोतीला फोन लावू दे. हालो, मारोती? पंढरी बोलतंव. फ्लेक्स उतरव. नाय, फाटला नाय. पंचाहत्तर इंची भव्य, त्याच्यावर पट्टी मार. नाय, बेचालीस नको लिवू. इंचच काढून टाक. नुसता लिव, मामाकडून भाचीला. हा. आनि तिचा फोटो मोठा कर. वेन्यांचा नको, मी दुसरा पाठवतंव. माजा? माजा राहू दे. गॉगलचाच राहू दे.

रुतिका: आणि गोजरा आत्या?

मामा: ती खोका बगून बोलनारच. बोलू दे. मी मांडवान टेबल टाकून टीव्ही जोरनार. जो कोन बोलल बारका हाय, त्यानी खुर्चीवर बसायचा आनि माज्यासंगती एक शर्यत लावायची. पयला नंबर गोजरा आत्याचा. नवीन डोलं हायत तिचं, बगू दे काला कसा असतो.

रुतिका: आत्या हातात कंट्रोलर धरेल?

मामा: धरल. तिच्यासारखी खुनशी बाय गारी चालवल तर जिंकल पन.

अंकुर: आणि ते चार गुलाबी कुर्ते?

मामा: तेच तर. एक टीव्ही धरल, एक तो गेमचा डबा धरल, एक दोन दांड्या.

अंकुर: चौथा?

मामा: चौथा माज्या डोक्यावर छत्री धरल. मी मामा हाय.

रुतिका: मामा, ऐक. नाचताना पडला तर? एक जरी माणूस धडकला ना, पडदा गेला.

मामा: पोरांना नाय देत मंग. मीच धरीन छातीशी. बावीस वरसान एक कंटेनर परला नाय माज्या हातना, टीव्ही परतो काय?

अंकुर: काका, मलापण बोलवा हळदीला. तुमचा आहेर जोडून द्यायला कुणीतरी पाहिजेच की. सगळ्या तारा मी लावून देतो.

मामा: ये ना. मटन हाय, भाकऱ्या हायत, आनि नाचाया लागल. बार्शीत नाचतान का?

अंकुर: बेंजोवर कधी नाचलो नाही. नाचीन.

रुतिका: ये रे, नक्की ये. मी तेजसला सांगते की बेचाळीस. तो रडेल थोडा.

मामा: सांग, हसत रड. सवय हाय त्याला.

अंकुर: बरं, मॅडम, बिल करतो आता. नाव कुणाचं टाकू? वॉरंटी त्याच नावावर राहते. लग्न आठवड्यावर आलंय, तर सासरचं आडनाव टाकलेलं तुम्हाला पुढं सोपं पडेल.

रुतिका: पैसे मामा देतोय. मामाचंच टाका.

मामा: माजा नको. आनि सासरचा पन नको. आता हाय ताच लिव, बापसाच्या नावासकट, सगला. वॉरंटी किती वरसांची बोललास?

अंकुर: तीन वर्षांची.

मामा: बरा. मंग तीन वरसं तरी ती कागदावर आमचीच हाय.